जरा सरका

रागवायला काहीतरी कारण लागतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या तोफेला सकाळी दुकान उघडताना पाहिलेलं नाही. शटर अडकलं की ती शटरवर रागवायची, चहा गार झाला की चहावर, आणि दोन्ही जागच्या जागी असलं की 'आज सगळं इतकं सुरळीत कसं' म्हणून. तोफ हे नाव तिच्या आत्याने ठेवलेलं. फोटो, चित्रं, आरसे यांना चौकटी करून देणारं ते दुकानही आत्याचंच. आत्याचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून तोफच ते चालवत होती.

त्या सकाळी मात्र रागाला कारण होतं, आणि चांगलं लांबलचक होतं. दुकानाच्या दाराला खेटून एक काळी चकचकीत गाडी उभी होती. मधे एवढीच फट, की माणसाने अंग चोरून निघावं. आणि तोफेला तर माणसाएवढा आरसा बाहेर काढून समोरच्या कपड्यांच्या दुकानात पोचवायचा होता. ती फटीतून तिरकी निघाली, गाडीला वळसा घातला आणि तिच्या पलीकडच्या उघड्या दारासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

आत तिशीचा एक माणूस चहाचा ग्लास धरून बसला होता. त्याच्याही कपाळावर आठी होती.

"हलवा गाडी."

"हलणार नाही."

"का? रुसलीय का?"

"गाडी नाही, ड्रायव्हर रुसलाय. माझ्याशी भांडला आणि चावी खिशात घालून चालता झाला."

"गाडी तुमची, ड्रायव्हर तुमचा, भांडण तुमचं... आणि अडकायचं मी?"

"मीसुद्धा अडकलोय," तो म्हणाला. "फक्त मी ओरडत नाहीये."

"मग ओरडा. निदान ड्रायव्हरला तरी ऐकू जाईल."

त्याने ग्लास खाली ठेवला. तो आता उलट बोलेल म्हणून तोफ सज्जच होती. भांडणाची सुरुवात चांगली झाली की तिला पुढे बरं वाटायचं. पण तो मुकाट्याने उतरला, बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, "काय बाहेर काढायचंय?"

दोघांनी मिळून आरसा बॉनेटवरून उचलला. "हळू." "हळूच धरलाय." "कोपरा सांभाळा." "तुम्ही तुमचा सांभाळा." असं करत करत रस्ता ओलांडला आणि आरसा कपड्यांच्या दुकानात भिंतीला टेकवला. दोघंही धापा टाकत समोर उभे राहिले. आरशात दोन लालबुंद चेहरे दिसत होते, आणि दोन्ही कपाळांवर अगदी एकसारखी आठी... जशी काही एकाच दुकानातून आणली असावी.

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. तोफेच्याही हलला असता, पण तिने तो वेळीच आवरला.

"तुम्ही नेहमी अशाच दिसता?"

"गाडी आडवी आली की," ती म्हणाली, आणि आभार न मानता रस्ता ओलांडून गेली. दुपारपर्यंत तिला त्याचा राग येत होता. दुपारनंतर राग येतोय का ते ती तपासून बघत होती, ही गोष्ट वेगळी.

त्याच आठवड्यात आत्याने घरात बॉम्ब टाकला. मुलीकडे परदेशी, कायमची. तिकीट काढून झालं होतं.

"रविवारी संध्याकाळचं विमान," आत्या म्हणाली. "सकाळी माझे तिघे भाऊ मला शहरभर फिरवणार. आपलं जुनं घर, शाळा, नदीवरचा पूल. मग सगळे मिळून मला सोडायला येणार. एका गाडीत. जमत नसेल तर तसं सांगा. मी टॅक्सीने एकटी जाईन आणि मागे वळूनही बघणार नाही."

आत्या सगळ्यांत मोठी, त्यामुळे तिला 'ताई, असं काय करतेस' म्हणायचीही सोय नव्हती. पंचाईत अशी, की तिचे तिघे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आजी गेली तेव्हा मोठ्या काकांना पोचायला उशीर झाला. ते दारात आले आणि तोफेचे बाबा म्हणाले, "आता कशाला आलास?" एवढं एकच वाक्य. मोठे काका आल्या पावली परत फिरले. धाकटे काका म्हणाले, चूक दोघांचीही आहे, तेव्हापासून दोघंही त्यांच्याशी बोलेनासे झाले. न्यायाधीश व्हायला गेले आणि आरोपी होऊन बसले.

तोफेला तिघांचाही संताप यायचा. पण या वेळी संतापाखाली दुसरंच काहीतरी होतं. पट्टी कशी धरायची, काच कशी कापायची, गिऱ्हाइकावर ओरडून झाल्यावर त्याला पाणी कसं विचारायचं, सगळं तिला आत्याने शिकवलं होतं. ती आत्या रुसून, एकटी, टॅक्सीत बसून निघून जाणार, हा विचार आला की तोफ ओरडायची. तिला दुसरं काही येतच नव्हतं.

"गाडीचं मी बघते," ती ओरडून म्हणाली.

चालकासह आलिशान गाड्या देणाऱ्या तीनचार ठिकाणी तिने फोन केले. सगळे 'सात जण ना, बसतील की' एवढंच म्हणायचे. कसे बसतील हे कुणी सांगेना. शेवटी ती मोजपट्टी खिशात घालून स्वतःच एका गाड्यांच्या आवारात गेली. कचेरीत टेबलामागे तोच बसला होता.

"तुम्ही?" दोघंही एकदमच म्हणाले.

"आरसा शाबूत आहे?" त्याने विचारलं.

"तुमचा ड्रायव्हर परत आला?"

"आला. चावी टेबलावर आपटली. बोलत नाही." त्याने खुर्ची पुढे केली. "किती माणसं?"

"मला धरून सात."

"कोण कोणाशी बोलत नाही?"

तोफेच्या कानशिलांत गरम झालं. "हा काय प्रश्न झाला? सामान विचारा, वेळ विचारा. आमच्या घरात कोण कोणाशी बोलतं याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

"सामान काय, कुठेही बसतं. भांडण बसवायला जागा लागते." तो शांतपणे म्हणाला. "मी हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतो. बहुतेक जण हसतात. तुम्ही रागावलात, म्हणजे..."

"म्हणजे काही नाही."

"बरं."

ती खुर्चीवर बसली. मग तिने सगळं सांगितलं... आजी, दार, ते एक वाक्य, आत्याचं विमान. मधे तीनदा आवाज चढला. तो एकदाही 'शांत व्हा' म्हणाला नाही. 'शांत व्हा' म्हणणाऱ्या माणसांचा तिला सर्वांत जास्त राग यायचा.

मग तो तिला गाड्या दाखवायला घेऊन गेला. पहिलीत मागच्या सीटा समोरासमोर होत्या. "यात मोठे काका आणि बाबा एकमेकांकडे बघत बसतील," ती म्हणाली, "आणि पुलापर्यंत पोचायच्या आत एक जण नदीत असेल." दुसरी पांढरी, टपावर सामानाची जाळी असलेली, मधे तिघांची सलग सीट, मागे तिघांची सलग सीट. तिसरी त्या दिवशीचीच काळी. मधे हातवाल्या दोन वेगळ्या खुर्च्या, दोन्हींच्या मधे चालायला वाट, आणि मागे तशाच आणखी चार खुर्च्या.

तोफेने पट्टी काढली. खुर्चीची रुंदी मोजली, मधली वाट मोजली, गुडघ्यापुढची जागा मोजली. तो दाराला टेकून बघत राहिला.

"ही," ती म्हणाली. "कुणाचा कुणाला धक्का लागणार नाही."

"चुकीची गाडी घेताय."

"काय म्हणालात?"

"गाडी उत्तम आहे. पण धक्काच लागू द्यायचा नसेल तर सात टॅक्सी करा. पांढरीत सलग सीट आहे. वळणावर माणूस माणसावर कलंडतो. 'जरा सरका' म्हणावंच लागतं."

"माझी माणसं मी ओळखते की तुम्ही?"

"तुम्हीच."

"मग काळी."

"काळी," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात कुठे हार नव्हती आणि त्याचाच तिला जास्त राग आला. तिथून निघताना कोपऱ्यात एक जुनी हिरवी गाडी दिसली, अर्धवट झाकलेली. पुढच्या काचेतून तिने आत डोकावलं. ड्रायव्हरच्या शेजारीही वेगळी सीट नव्हती. या दारापासून त्या दारापर्यंत एकच सलग गादी.

"ही कशी आहे?"

"ती भाड्याने नाही. अण्णांची पहिली गाडी." एवढं बोलून त्याने कापड ओढून घेतलं.

शनिवारी संध्याकाळी ती काच पुसत असताना त्याचा फोन आला.

"जरा विचित्र झालंय," तो म्हणाला. "उद्या सकाळसाठी तुमच्या आत्यांच्या पत्त्यावर आणखी तीन गाड्या सांगितल्या गेल्यात. तीन वेगवेगळ्या माणसांनी."

"कोणी?"

"एक म्हणाले, 'सगळ्यांत मोठी पाठवा. माझ्या भावाने सांगितली असेल तर तिच्यापेक्षाही मोठी.'"

"मोठे काका."

"दुसरे म्हणाले, 'अजिबात आवाज न करणारी पाठवा.' हे इतक्या जोरात म्हणाले, की मी फोन कानापासून लांब धरला."

"माझे बाबा." तोफेने डोळे मिटले. "आणि तिसरे?"

"तिसरे म्हणाले, 'कुठलीही पाठवा, पण जिच्यामुळे कोणाला राग येणार नाही अशी.'"

याच्याकडची गाडी ठरली आहे, हे तिने तिघांनाही सांगितलं होतं. पण ती कुणी ठरवली, हे एकानेही विचारलं नव्हतं. तिघांनीही आपापल्या घरी बसून एकच अर्थ काढला होता, की दुसऱ्याने. आणि दुसऱ्याच्या गाडीत बसायचं म्हणजे आपलं नाक कापून त्याच्या हातात देणं. सात माणसांना चार आलिशान गाड्या. आत्या दार उघडेल, ती वरात बघेल आणि टॅक्सी बोलावेल.

तोफ फुटली. बाबांवर, दोन्ही काकांवर, नऊ वर्षांवर, विमान कंपनीवर. त्याच्यावरही, कारण तो समोर होता... म्हणजे फोनवर. तो ऐकत राहिला. बऱ्याच वेळाने तिला दम लागला.

"चारही पाठवू?" त्याने हळूच विचारलं.

"नाही." ती हातातल्या फडक्याला पीळ घालत होती. "एकच पाठवा. पांढरी."

पलीकडे पेनाने काहीतरी खोडल्याचा आवाज आला.

"हसताय का?"

"नाही."

"हसलात तर बघा. खूप झाली यांची सोय. बसू देत आता मांडीला मांडी लावून. त्या तिघांना कळवून टाका, गाडी येतेय म्हणून. त्यात खोटं काही नाही."

"कळवतो. मीच घेऊन येतो गाडी. अण्णा तर माझ्याशी बोलत नाहीत."

"गाडी अण्णांची, ड्रायव्हरही अण्णा?"

"आमचा सर्वांत जुना ड्रायव्हर. माझे वडील." तो अडखळला. "मी त्यांना म्हणालो, आता वय झालं... स्टिअरिंग सोडा, घरी आराम करा. तेव्हाच चावी घेऊन गेले."

"असं म्हणतात का कुणी बापाला?"

"नाही म्हणत. कळतंय आता."

"मग त्यांना तसं सांगा की."

"कसं सांगायचं, तेच... कोण आधी बोलणार, हाच प्रश्न असतो ना."

तिला यावर काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. पण ते तिला तिच्या बाबांनाही कधी बोलता आलं नव्हतं. "उद्या वेळेवर या," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

रविवारी आभाळ भरून आलं होतं. पांढरी गाडी आत्याच्या दारात उभी राहिली आणि तिघे भाऊ तीन दिशांनी तिच्याकडे निघाले. तिघांनी एकदमच दाराच्या मुठीला हात घातला.

"ही गाडी मी सांगितलीय," मोठे काका हवेत बघत म्हणाले.

"मी सांगितलीय," बाबा टायरकडे बघत म्हणाले.

"खरं म्हणजे मी—" धाकटे काका म्हणाले.

"तू मधे बोलू नकोस," दोघं एकदमच त्यांच्यावर खेकसले. आणि मग तिघांनीही जीभ चावली. नऊ वर्षांनी आपण एकमेकांशी बोललो, हे त्यांना उशिरा कळलं होतं.

तोफ पायऱ्यांवर उभी होती. "गाडी मी सांगितलीय," ती म्हणाली, आणि आख्ख्या गल्लीने ऐकलं. "मी निवडली, मी ठरवली. आत्याने तुम्हा तिघांना कडेवर खेळवलं, आणि तुम्ही आज तिच्या दारात मुठीवरून भांडताय. तिला एकटीला जाऊ द्यायचंय का? मग आत्ताच सांगा, मी यांना गाडी परत न्यायला सांगते."

तिघांचेही हात मुठीवरून सुटले. आत्या काठी टेकत उतरली, मधल्या सीटवर बरोबर मध्यभागी बसली आणि दोन्ही बाजूंना हात थोपटले. "मोठ्या, तू इकडे. मधल्या, तू तिकडे. धाकट्या, तू मागे, दोन्ही वहिन्यांच्या मधे. आज तरी कुणाचीतरी बाजू घे." आई आणि काकू तोंडाला पदर लावून मागे चढल्या. तोफ पुढे, गाडीवाल्याच्या शेजारी बसली.

"जोरदार," तो गाडी चालू करता करता पुटपुटला.

"रस्त्याकडे बघा."

पहिला तासभर दोन्ही भाऊ आत्याच्या मार्फत भांडले. जुन्या घरासमोर मोठे काका आत्याला म्हणाले, खिडकी डावीकडे होती. बाबा आत्याला म्हणाले, उजवीकडे होती. शाळेजवळ आत्याला झोप लागली... निदान डोळे तरी मिटले. मग भांडायला मधे कोणी उरलं नाही. "उजवीकडे कशी असेल? तू तिच्यातूनच पडला होतास," मोठे काका सरळ बाबांना म्हणाले. "पडलो नव्हतो, तू ढकललं होतंस," बाबा म्हणाले. मागून धाकटे काका म्हणाले, "ढकललं होतं, मी बघितलंय," आणि मागच्या सीटवर काकूंना हसू आवरेना. तोफेने वरच्या आरशात बघितलं. आत्याचे डोळे मिटलेले होते आणि ओठ दाबून धरलेले होते.

आरशात आणखी एक जण बघत होता. दोघांची नजर तिथेच भेटली. तो चटकन समोर बघू लागला. त्याचे कान मात्र लाल झाले. तोफेने नजर काढायला उगाचच उशीर केला.

विमानतळावर आत्या तिघांनाही बिलगली. तोफेला म्हणाली, "ओरडत राहा गं. तुझं ओरडणं थांबलं तर मला तिकडे काळजी वाटेल." मग तिने गाडीवाल्याकडे नीट बघून घेतलं, तोफेकडे बघितलं, काही न बोलता काठी उचलली आणि काचेच्या दारातून आत गेली. तोफेला रडायचं नव्हतं. स्वतःला रडू येतंय याचाच तिला भयंकर राग आला.

परतीच्या वाटेवर पाऊस सुरू झाला. मधल्या सीटवर आता एका खिडकीशी मोठे काका, दुसऱ्या खिडकीशी बाबा, आणि मधे आत्याची रिकामी जागा. वायपर तेवढे हलत होते. सगळं पुन्हा होतं तसंच झालं, असं तोफेला वाटलं, आणि तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

मागे गादी कुरकुरली. मोठे काका सरकत सरकत मधल्या जागेवर आले होते. त्यांची मांडी बाबांच्या मांडीला लागली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"माझ्या बाजूला ऊन येतंय," मोठे काका म्हणाले.

बाहेर धो धो पाऊस पडत होता. बाबांनी पावसाकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं. "हं," ते म्हणाले. "आज ऊन फार आहे." आणि त्यांनी जागा असूनही अंग चोरलं नाही. थोड्या वेळाने, रस्त्याकडेच बघत, ते म्हणाले, "दादा, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं."

मोठ्या काकांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात घरापर्यंत तिथेच होता.

सगळ्यांना उतरवून झाल्यावर गाडी तोफेच्या दुकानाशी थांबली. दोघंही उतरले नाहीत. काचेवर पाऊस वाजत होता.

"काळी घेतली असती तर..." ती म्हणाली.

"मी काही म्हणालो नाही."

"मनात म्हणालात. मला ऐकू आलं." ती समोर बघत होती. दोघांच्या सीटांच्या मधे गिअरचा दांडा, ग्लास ठेवायची खोबण, काय काय होतं. एवढ्या चांगल्या गाडीत ही अडगळ कुणी करून ठेवली, याचा तिला अचानक राग आला. "तुमच्याकडे पुढेही सलग सीट असलेली गाडी नाही का?"

तो वळला. तिने मान वळवली नाही, पण तिचा चेहरा तापला.

"आहे," तो सावकाश म्हणाला. "हिरवी. पण तिची चावी अण्णांकडे असते."

"मग मागा."

"त्यासाठी त्यांच्याशी..."

"बोलावं लागेल. हो. बोला." तिने दार उघडलं. "आणि आधी तुम्ही बोला. आमच्याकडे नऊ वर्षं गेली. मला एवढं थांबायची सवय नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर गेलं आणि तोफेच्या तोंडून शब्द निघाले, "कुणाची आहे ही—"

दुकानाच्या दाराला खेटून एक जुनी हिरवी गाडी उभी होती. स्टिअरिंगवर पांढऱ्या मिशांचा, ताठ मानेचा एक म्हातारा. त्याला चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन, मधे गाडीवाला. आणि दुकानाच्या बाजूचं दार उघडं, त्या फटीत मावेल एवढंच.

"हाच का तो आवाज?" अण्णांनी मुलाला विचारलं.

"हाच."

"चांगला आहे," अण्णा म्हणाले. "बस पोरी. कुठे जायचं ते सांग."

तोफेने शटर खाली ओढलं. पदपथावर उभं राहून तिने ती गादी नजरेने मोजली. एक माणूस जेमतेम मावला असता, दोघांनी मनात आणलं तर. ती अंग चोरून फटीत शिरली, आत बसली, आणि दार लागेना.

"जरा सरका," ती म्हणाली.

"कुठे सरकू? तिकडे अण्णा आहेत."

"मग नका सरकू," ती म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.